मागल्या खोलीतले घाव

कोयनेला धरणी हलली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. नवरात्र तोंडावर आलं होतं, पण लोणावळ्यावरचं धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. अशा एका सकाळी कान्हे गावचा गेणू मुकादम आपली माणसं आणि हत्यारं घेऊन गाडीत बसला.

गेणूचा धंदा घरं पाडायचा. बांधणारे गवंडी मावळात गावोगाव सापडतात, चांगला पाडणारा मिळायला मात्र नशीब लागतं. बांधताना चुकलं तर भिंत वाकडी होते, पाडताना चुकलं तर माणूस जातो, असं तो म्हणायचा. अंगानं थोराड, बोलायला कमी. घण उचलला की आधी भिंतीवर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मगच मारायचा. त्याच्या हाताखाली आजवर कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नव्हतं.

बरोबर तिघंच होती. शिदू त्याच्या भावकीतला, छपरावर माकडासारखा चढणारा. नवशा डोंगरावरच्या वाडीतला, पहारीनं दगड सुटा करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि नवशाची बायको भागूबाई, ती राडारोडा वाहायची.

काम होतं औंढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, चढावरच्या एका बंगल्याचं. बंगला मुंबईच्या शेठचा. दगडी, कौलारू, पुढचं अंग जुनं आणि मागचं अंग नंतर जोडलेलं. दोहोंच्या मध्ये एकच जाड भिंत, तिच्यात एक दार. शेठला मागचं अंग पाडून तिथं हॉटेल उठवायचं होतं.

शेठचा माणूस हनुमंत फाटकात उभाच होता. कडक इस्त्रीची पँट, काखेत छत्री.

"हे मागचं सगळं घ्यायचं," तो म्हणाला. "फक्त ही मधली भिंत सोडून. पलीकडच्या दोन खोल्यांत एक म्हातारी राहते. कोर्टाची मनाई आहे. निकाल लागेपर्यंत तिच्या भिंतीला बोट लावायचं नाही."

"बरं."

हनुमंत जवळ सरकला. "आवाजाला मनाई नाही पण. कळलं ना? चांगले दणके बसू देत. म्हातारी आपण होऊन निघून गेली, तर कोर्ट आपल्याला काय म्हणणार?"

"आमी भिंती पाडतो, हनुमंतराव," गेणू म्हणाला. "मानसं हुसकायचं काम आमचं न्हाई."

हनुमंत हसला आणि छत्री उघडून धुक्यात निघून गेला.

म्हातारीचं नाव सावित्राबाई. बंगल्यात जन्मभर स्वैपाक केलेली. जुन्या मालकिणीनं मरताना, तुझ्या हयातीपर्यंत या दोन खोल्या तुझ्या, असं चार माणसांदेखत सांगितलं होतं, तेवढ्यावर ती टिकून होती. दुपारी तिनं चहाचं पातेलं बाहेर आणून ठेवलं. कपबशा पुसत खालच्या आवाजात म्हणाली,

"गेणूभाऊ, पाडायला आलात तर पाडा. माजी काय बी हरकत न्हाई. पर ती मागली खोली हाय ना, मधल्या भितीला लागून, तितं घन चालवू नका. छिन्नी लावा, पहारीनं सोडवा, हातानं काढा. घन नगं."

"का, मावशी?"

"सोसत न्हाई."

गेणूला वाटलं, म्हातारीला आवाज सोसत नसेल. त्यानं मान डोलावली.

पहिले काही दिवस काम सुतासारखं सरळ चाललं. कौलं उतरली, वासे निघाले, दारं-खिडक्या चौकटींसकट बाहेर आल्या. उघड्या पडलेल्या खोल्यांत धुकं गुरांसारखं शिरायचं आणि कोपऱ्यात बसून राहायचं. भर दुपारी चार हातांवरचा माणूस दिसेनासा व्हायचा. ओल्या चुन्याचा आणि कुजक्या लाकडाचा वास नाकात बसला होता. पण माणसं हसत-बोलत होती. भागूबाई डोईवर घमेलं घेऊन गाणं गुणगुणायची.

मग मागली खोली आली.

तिथल्या भिंती बाकीच्यांसारख्या नव्हत्या. चुना दगडाला असा धरून बसला होता की छिन्नीची धार बोथट झाली तरी चिरा हलेना. अर्धा दिवस नवशा पहारीनं झगडला. अखेर गेणूनं घण घेतला. म्हातारीला दिलेला शब्द त्याला आठवला, पण मधल्या भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात चारदोन घाव घातले तर काय बिघडणार होतं? त्यानं चिऱ्यावर हात ठेवला. चिरा कोमट होता. उन्हाचा पत्ता नसलेल्या त्या दिवसांत कोमट.

त्यानं घण घातला. पलीकडून तसाच आवाज आला.

"म्हातारी ठोकतीया जनू," शिदू म्हणाला.

दुसरा घाव. पुन्हा पलीकडून दुसरा. गेणू थांबला की तोही थांबे. पडसाद असेल, रिकामी खोली आहे, असं म्हणून गेणूनं काम चालू ठेवलं. हळूहळू तो आवाज जवळ जवळ सरकत गेला. संध्याकाळच्या आत दोन्ही आवाज एकावर एक बसले आणि कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भागूबाई घमेलं भरता भरता थांबली. बराच वेळ गेणूच्या हाताकडे बघत राहिली.

"मुकादम," ती म्हणाली, "तुमी मारायच्या आदी वाजतंय."

"काय?"

"आवाज आदी येतोय. घन मागनं पडतोय."

गेणूनं घण वर उचलला आणि खांद्यावरच धरून ठेवला. खोलीत धुक्याशिवाय काही हलत नव्हतं. मग धप्प करून आवाज झाला, स्वच्छ, दगडावर घण पडल्याचा. आणि त्याच्या मागोमाग त्याचे हात खाली आले. त्यानं आणले नव्हते. पाय घसरल्यावर अंग जसं आपोआप जातं, तसे ते गेले.

त्यानं घण भिंतीला टेकवून ठेवला. "आज बास," म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यातून पहारीचा आवाज आला. त्या आवाजात दगड नव्हता. ओलं लाकूड मोडावं तसा तो आवाज होता.

शिदू खाली वाकून सुटा झालेला चिरा धरत होता. त्यानं आवाज ऐकून वर बघितलं. नवशाची पहार अजून वरच होती. नवशाचे डोळे विस्फारले. "हात काड," तो ओरडला, "शिदू, हात..." आणि पहार खाली गेली. शिदूच्या पंजातून आरपार जाऊन जमिनीत रुतली.

शिदूची किंकाळी बंगल्याच्या पार पुढच्या फाटकापर्यंत गेली असेल. गेणूनं धावत जाऊन पहार उपसली. रक्त चुन्यात मिसळून गुलाबी झालं. मग तो वळला आणि नवशाच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की तो भिंतीवर आदळला. पुन्हा हात उगारला तेव्हा नवशा तसाच उभा होता, तोंड चुकवत नव्हता.

"मी न्हाई मारली, भाऊ," तो म्हणाला. "ती गेली."

गेणूचा हात खाली आला. घडीभरापूर्वी त्याचेही हात असेच गेले होते.

सावित्राबाईनं शिदूच्या पंजात हळद दाबून लुगड्याचा पदर फाडून बांधला. त्याला चुलीपाशी निजवलं. मधल्या भिंतीला पाठ लावून नवशा बसला होता. तोच आधी बोलला.

"माजा बा हितं कामाला व्हता, मावशी. ही खोली बांदताना. घरी आला त्यो पुन्यांदा हत्यार हातात धरलं न्हाई त्यानं. रानात कंद खनायचा तर नखांनी उकरायचा. मरेस्तवर."

सावित्राबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. "नाकाडोळ्यांवरनं वळखाय पायजे व्हतं तुला मी," ती म्हणाली आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बजरंग नावाचा कारभारी व्हता बंगल्यावर. वेताचा दांडका घिऊन फिरायचा. बांदकामावरच्या मानसांना मारायचा, बायांना लय मारायचा. भामाबाई म्हनून येक व्हती, दिस भरलेली. पाटी उचलंना म्हनून त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती तितंच, वल्या चुन्यात पडली आन् तितंच गेली. पोटातल्यासकट. मग मानसांनी दार लावून घेतलं. आठजन असतील, धाजन असतील. ठरवलं, परत्येकानं येकच घाव घालायचा. म्हंजी कुनाच्या घावानं मेला हे कुनालाच कळाय नगं. त्याला बी न्हाई, द्येवाला बी न्हाई. मी दाराच्या हिकडं हुबी व्हते. त्यो आदी शिव्या देत व्हता, मग रडत व्हता. मग नुसते घावच आयकू आले... येक झाला की गप. मग दुसरा. भित कोसळली म्हनून सांगितलं पोलिसांना."

"म्हंजी बजरंगचं भूत..." गेणू म्हणाला.

"न्हाई वं. बजरंग मेला, सुटला. भामाबाई बी सुटली. पर भिती वल्या व्हत्या तवा. चुन्यानं अजून धरलं नव्हतं. त्यात ते मुरलं. त्या खोलीला मानसांनी येकच काम शिकवलं, भाऊ. दुसरं काय तिला येत न्हाई. कुनी तितं घन उचलला की तिला वाटतं, सुरू झालं."

गेणूनं त्याच दिवशी काम थांबवलं. शिदूला दवाखान्यात नेऊन पंजा शिवून आणला, आणि हनुमंताला निरोप धाडला की मागली खोली सोडून बाकी सगळं उतरलं आहे, ती जागा बरी नाही, तेवढी आमच्याकडून होणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हत्यारं गोळा करायला म्हणून ते गेले. शिदूही आला होता, हात गळ्यात बांधून. बांधावर बसून त्यांनी भाकरी सोडली. धुकं इतकं दाटलं होतं की हातातली भाकरी ओली होत होती. तेवढ्यात पुढच्या अंगाकडून म्हातारीचा आवाज ऐकू आला, धरलेल्या कोंबडीसारखा.

गेणू धावला. हनुमंतानं सावित्राबाईचे पांढरे केस मुठीत धरले होते आणि तो तिला ओट्यावरून फरफटत मागल्या खोलीकडे नेत होता. तिच्या गुडघ्यांतून रक्त येत होतं.

"हिनंच तुमच्या डोक्यात भुतं घातलीत," तो म्हणाला. "दाखवतो तुम्हाला भूत. चला."

"सोडा तिला, हनुमंतराव."

"सोडतो ना." त्यानं तिला मागल्या खोलीत ढकललं. ती चुन्याच्या ढिगावर तोंडघशी पडली. नवशाची पहार भिंतीला टेकलेली होती. हनुमंतानं ती उचलली, मधल्या भिंतीसमोर उभा राहिला आणि सगळं अंग झोकून दिलं. चुन्याचा टवका उडाला. "कुठंय तुमचं भूत? ही बघा तुमची मनाई." त्यानं आणखी एक घाव घातला. "ही बघा."

पहार त्याच्या हातून निसटून खाली पडली. खोली एकदम गप्प झाली.

गेणूनं सावित्राबाईला काखेत धरून उचललं आणि उंबऱ्याबाहेर लोटलं. स्वतः बाहेर पडायला वळला आणि त्याचे पाय हलेनात. त्याचा घण, जो त्यानं काल तिथंच टेकवून ठेवला होता, तो त्याच्या हातात होता.

धुक्यातून माणसं आत आली. पहिली भागूबाई, दोन्ही हातांनी घमेलं धरून. मग शिदू, बांधलेल्या हातात हातोडा. मग नवशा. त्यानं वाकून पहार उचलली. तिघांचे चेहरे झोपलेल्या माणसासारखे होते, डोळे उघडे. त्यांच्या मागं आणखी कुणी कुणी होते, धुक्यात नुसते खांदे दिसत होते, उघडे, चुन्यानं पांढरे.

"काय रे," हनुमंत हसत म्हणाला. "मारणार की काय मला?"

आधी आवाज आला. ओल्या पोत्यावर मुसळ पडावं तसा. हनुमंताच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. मग भागूबाईच्या हातातलं घमेलं फिरलं आणि ते हसू नाहीसं झालं. तो गुडघ्यांवर आला. दातांमधून रक्त गळत होतं, काहीतरी बोलायला बघत होता.

"आई गं... शेठनं सांगितलं म्हणून... मी..."

आवाज. शिदूचा हातोडा. खांद्याचं हाड आत गेलं. मग मधे शांतता, प्रत्येकाला पुरेल इतकी. पुन्हा आवाज. नवशाची पहार बरगड्यांवर आडवी बसली आणि हनुमंत कुशीवर पडून लहान मुलासारखा पाय जवळ घेऊ लागला. धुक्यातले खांदे एकेक करून पुढे येत होते, खाली वाकत होते, मागं सरत होते. घाई कुणालाच नव्हती. हनुमंत रडत होता. मग रडायचा थांबला, तरी डोळे उघडे होते, आणि ते गेणूवर खिळले होते.

आता सगळे गेणूकडेच बघत होते.

त्याचे हात वर गेले. घण डोक्यावर तोलला गेला. त्यानं दातओठ खाऊन तो मागं ओढायचा प्रयत्न केला, हाताच्या शिरा तुटायला आल्या, पण घण मागं येईना. आणि मग तो आवाज झाला. कवटी फुटल्याचा. अजून न घातलेल्या त्याच्या घावाचा.

हात खाली निघाले. थांबवणं त्याच्या हातात नव्हतं, पण जन्मभर घण कुठं पडायचा ते त्यानंच ठरवलं होतं. तेवढी सवय अंगात उरली होती. त्यानं सगळा जीव कमरेत आणून अंगाला पीळ दिला, आणि घण त्याच्या स्वतःच्या डाव्या पायावर पडला.

त्याला आठवतं ते एवढंच, की आपलं पाऊल आपल्याला भाकरीसारखं चपटं दिसलं, आणि दुखायला लागायच्या आधी खोलीतून कुणीतरी मोठा श्वास सोडला.

शुद्ध आली तेव्हा नवशा त्याला पाठीवर घेऊन उतार उतरत होता. भागूबाई मागून रडत येत होती. त्यांनी शपथेवर सांगितलं की ते बांधावरून उठलेच नव्हते. म्हातारीची हाक ऐकून मुकादम धावले, ते पाठोपाठ जाणार तर धुक्यात वाटच सापडेना. मग मुकादमांची आरोळी ऐकू आली. घमेलं भाकरीशेजारी पालथं पडलेलं, कोरडं, स्वच्छ. शिदूचा हातोडा पोत्यातून निघालेलाच नव्हता. पण त्या दिवसापासून आठवडाभर भागूबाईला उजवा हात खांद्यावर नेता येत नव्हता. का, ते तिनं कुणाला विचारलं नाही.

हनुमंत मागल्या खोलीत मेलेला सापडला. त्याचं डोकं फुटलेलं होतं. अंगावर भिंत पडली असं ठरलं. चारही भिंती उभ्या होत्या, पण त्या भिंतींकडे कुणी नीट बघितलं नाही. सावित्राबाईनं पोलिसांना, मी काही पाहिलं नाही, एवढंच सांगितलं. गेणूचं पाऊल घोट्यापासून कापावं लागलं. नवशा बायकोला घेऊन डोंगरावर वाडीत निघून गेला. शिदू भाजीच्या गाडीवर लागला. शेठला म्हणे तो बंगला नकोसा झाला, आणि दावा तसाच पडून राहिला.

थंडी सरली, शिमगा झाला. गेणू कुबडी घेऊन चालायला शिकला होता. त्याची बायको सरुबाई नको नको म्हणत असताना एक दिवस तो सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला गेला. म्हातारी जगली की मेली, एवढंच त्याला बघायचं होतं. ऊन लख्ख पडलं होतं. चढ चढताना बगलेला फोड आला.

सावित्राबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून तिला आनंद झाला, पण नवल वाटलेलं दिसलं नाही. गेणूची नजर तिच्यावरून मागच्या बाजूला गेली. मागली खोली नव्हती. तिन्ही भिंती पायापर्यंत उतरलेल्या. चिरे आकारानं लावून रचलेले, चुना बाजूला, मातीचा ढीग बाजूला. असं नेटकं काम मावळात एकच माणूस करायचा.

"कुनी उतरवलं हे, मावशी?" त्यानं विचारलं.

"म्हंजी? तुमचीच मानसं की," ती सुपातले खडे वेचत म्हणाली. "धुकं असलं की येत्यात. त्यो नवशा, त्याची बायकू, हात बांदलेला त्यो. त्ये हनुमंतराव बी असत्यात आताशा, पाटी उचलत्यात. कोन कुनाशी बोलत न्हाई."

ओट्याचा खांब धरून गेणू उभा राहिला.

सावित्राबाईनं मान वर केली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सावकाश खाली उतरली, कुबडीपर्यंत, आणि कुबडीच्या शेजारी जिथं पाऊल नव्हतं तिथं थांबली. तिचे हात सुपात तसेच राहिले.

"गेणूभाऊ," ती हळू म्हणाली, "ह्यो पाय कवा गेला तुमचा? परवाच्याला तर धड व्हता. हितंच हुबं व्हता तुमी, ह्या मधल्या भितीवर हात ठिवून. म्हनालात, आता येवढीच ऱ्हायली मावशी... पलीकडनं दार लावून घ्या."